जुन्या मापाच्या टोप्या

माझे सासरे कधी कुणाला शिवी द्यायचे नाहीत. त्यांना शिवीची गरजच पडत नसे. साध्या, स्वच्छ मराठीत, जेवता जेवता ते असं काही बोलायचे की समोरच्याचा घास ताटात परत जायचा. मी लग्न होऊन लेस्टरच्या घरात आले तेव्हा पुण्याची, बर्मिंगहॅमला बँकेच्या आयटीत नोकरी करणारी आणि स्वतःला फार हुशार समजणारी मुलगी होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी आमटी चाखली आणि सासूबाईंना म्हणाले, "चला, तुझ्याहून वाईट करणारी आली. आता म्हातारपणी तरी तुला मान मिळेल." एका वाक्यात दोघी आडव्या. नवरा हसला. तो इथेच जन्मलेला, वडिलांचं मराठी त्याला अर्धंच कळतं आणि म्हणूनच तो सुखी आहे.

सासऱ्यांचा जीव एकाच गोष्टीत होता, आणि ती गोष्ट बागेच्या टोकाच्या लाकडी शेडमध्ये होती. त्यांचे वडील सातारा जिल्ह्यातले. रानडुकरं शेतात घुसली की दुनळी बंदूक घेऊन निघायचे. ते गेल्यावर वाटण्या झाल्या. बंदूक चुलत भावाने नेली आणि सासऱ्यांच्या वाट्याला रिकाम्या पितळी काडतुसांची पिशवी आली. विलायतेला येताना ती त्यांनी ट्रंकेत घालून आणली. पुढे बर्मिंगहॅमच्या कारखान्यात नोकरीला असताना त्यांना वडिलांच्या बंदुकीच्या जोडीची, त्याच शहरात घडलेली जुनी दुनळी मिळाली. पोलिसांचं लायसन्स काढून ती त्यांनी घेतली, आणि गावाबाहेरच्या नेमबाजीच्या क्लबात नाव घातलं.

बंदूक आली, काडतुसंही होती, पण त्या काडतुसांनी बार काही होईना. हल्लीचं काडतूस प्लॅस्टिकचं असतं, एकदा उडवलं की कचऱ्यात. पितळेचं पुन्हा पुन्हा भरता येतं: आत दारू, वर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती, तिच्यावर छर्रे. मात्र बुडाशी मधोमध एक बारीक भोक असतं, त्यात मसुराच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी तांब्याची टोपी बसवावी लागते. बंदुकीचा घोडा त्या टोपीवर आपटतो, ठिणगी पडते आणि बार होतो. टोपी नसेल तर ते काडतूस म्हणजे नुसता पितळी पेला. आणि वडिलांच्या काडतुसांना लागणाऱ्या मापाच्या टोप्या बनवणं केव्हाच बंद झालं होतं. आजच्या टोप्या त्या भोकात बसत नाहीत. भोक मोठं करायचं तर ड्रिल लावायला हवं, आणि वडिलांच्या काडतुसाला ड्रिल लावणं त्यांना मान्य नव्हतं. माणसांना लावायला त्यांची काही हरकत नसे.

तर हा माणूस वर्षानुवर्षं टोप्या शोधत हिंडत होता. जुन्या बंदुकांच्या बाजारांत, लिलावांत, म्हाताऱ्या इंग्रजांच्या गॅरेजांत. क्लबातलं कुणी वारलं की हे मयताला जायचे, विधवेचा हात हातात घ्यायचे आणि हळूच विचारायचे, शेडमधल्या सामानाचं काय करणार आहात?

मी येईपर्यंत त्यांचे हात थरथरायला लागले होते आणि एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता. लायसन्स नव्याने काढायची वेळ जवळ येत चाललेली. त्यासाठी डॉक्टरचा शेरा लागतो, आणि डॉक्टर काय लिहिणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. शरद ऋतूत क्लबात जुन्या बंदुकांचा दिवस असतो. "यंदाचा शेवटचा," एकदा ते चहा घेताना म्हणाले. "वडिलांचं काडतूस एकदा उडवायचंय. एकदाच. मग न्या म्हणावं बंदूक." त्यांचा आवाज जरासा कापरा झाला होता. ते खोटं नव्हतं, एवढं मी मान्य करते. त्या माणसाला आयुष्यात आणखी काहीही नको होतं.

मला त्यांची कीव का येत नाही, ते आता सांगते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझं मूल पोटातच गेलं. हॉस्पिटलमधून आल्यावर मी पहिल्यांदा सगळ्यांबरोबर जेवायला बसले. कुणी काही बोलत नव्हतं, तेवढीच काय ती दया. सासरे कोशिंबिरीचा वाडगा पुढे ओढत नवऱ्याला म्हणाले, "मिसफायर झाला. होतं असं. दुसरं भर." नवरा ताटाकडे बघत राहिला. सासूबाई उठल्या, माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, माझ्या ताटातला थंड भात काढून घेतला आणि गरम वाढला. त्या घरात मला मिळालेलं सांत्वन एवढंच.

सासूबाई बोलायच्या कमी. बोलायच्या तेव्हा मेथी निवडता निवडता, मान खाली घालून. त्यांच्या आईची गोष्ट त्यांनी मला अशीच सांगितली. माझा नवरा शाळेत असताना कोल्हापूरहून फोन आला होता की आई अंथरुणाला खिळली आहे, लेकीचं नाव घेते आहे, लगेच या. सासऱ्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "तू पोचेपर्यंत काय राहणार आहे तिथे? आणि रविवारी क्लबची माणसं जेवायला येतायत." सासूबाईंनी रविवारी वडे तळले, पुलाव केला. क्लबच्या माणसांनी बोटं चाटली. आणि तिकडे त्यांची आई महिना उलटून गेला तरी जगत होती. कुणी दार उघडलं की विचारायची, आली का?

"रोज विचारायची म्हणे," सासूबाई म्हणाल्या आणि मेथीची देठं पेपरात गुंडाळली. "मी नंतर ह्यांना तसं सांगितलं. तर म्हणाले, मग बरं झालं ना, वाट बघण्यात वेळ गेला तिचा."

मी तो पेपर त्यांच्या हातातून घेतला आणि कचऱ्यात टाकला.

त्या शेवटच्या वर्षी उन्हाळा संपताना एका सकाळी फोन वाजला. क्लबातला त्यांचा एक जुना इंग्रज मित्र लिंकनशरमधल्या हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होता. बाहेर दाट धुकं होतं. सासऱ्यांनी अर्धा टोस्ट बशीत टाकला आणि गाडीची किल्ली शोधायला लागले. सासूबाई सिंकपाशी होत्या.

"अहो, धुकं फार आहे. दुपारी जा."

"माणूस मरायला टेकलाय," ते बूट चढवत म्हणाले. "अशा वेळी लगेच जायला हवं. तुला कळत कसं नाही?"

मी लॅपटॉप उघडून बसले होते. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले, पुन्हा नळ सोडला.

संध्याकाळी ते परत आले ते हसतच. कोटाच्या खिशातून त्यांनी एक पत्र्याची चपटी डबी काढून टेबलावर ठेवली. जुन्या मापाच्या टोप्या, ओंजळभर. "जेमतेम बोलत होता," ते सांगायला लागले. "द्राक्षं नेली होती, ती त्याला खाता येईनात. मी म्हटलं, ते राहू दे, टोप्या आहेत म्हणाला होतास, त्या कुठेत? गॅरेज म्हणाला. बायको तिथेच रडत बसली होती. तिला गाडीत घातली, घरी नेली, डबी घेतली."

"आणि तो?" सासूबाईंनी विचारलं.

"तो काय. गेला असेल एव्हाना."

"ती बाई शेवटी त्याच्याजवळ नव्हती का मग?"

"हॉस्पिटलला परत सोडली की मी तिला," ते चिडून म्हणाले. "मध्ये किती वेळ गेला असेल? कशालाही फाटे फोडतेस."

सासूबाई डबीकडे बघत होत्या. मग त्यांनी पोळ्या करायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी एक टोपी रिकाम्या काडतुसात बसवली आणि शेडच्या मागे नुसतीच उडवून पाहिली. टाचणीएवढा आवाज, पण खणखणीत. टोप्या जिवंत होत्या. त्यांचे डोळे भरून आले. मी चहा घेऊन गेले होते. "आता एकही वाया घालवायची नाही," ते म्हणाले. तेवढ्यात सासूबाई कपड्यांची बादली घेऊन शेडपाशी आल्या, आणि ते केवढ्याने तरी ओरडले: "हात ओले! लांब हो! पाणी नको, तेल नको, तुझा तो स्वयंपाकघरातला हात तर नकोच नको. तेलाचा एक थेंब आत शिरला की टोपी मेली, समजलं? जगात दुसऱ्या मिळणार नाहीत." पुढे माझ्याकडे वळून म्हणाले, "हिला सगळं दोनदा सांगावं लागतं."

सासूबाई म्हणाल्या, "समजलं." एकदाच सांगून समजलं होतं.

मग नवरात्र आलं. बेलग्रेव्ह रोडवर गुजरात्यांचे गरबे सुरू झाले, आणि आमच्या घरी सासऱ्यांची खंडेनवमी. हा माणूस एरवी देवाला हात जोडायचा नाही, पण खंडेनवमीला शस्त्रांची आणि अवजारांची पूजा यथासांग झालीच पाहिजे, कारण त्यांचे वडील करायचे. पूजा करायची सासूबाईंनी आणि बघायचं ह्यांनी. बंदूक पोलादी कपाटात असते, आणि किल्ली कुठे आहे हे बायकोलाही माहीत असायला नको असा पोलिसांचा नियम. तपासणीला आलेला ऑफिसर सासूबाईंना दर वेळी विचारायचा, "डू यू नो व्हेअर द की इज?" आणि त्या मान हलवून नाही म्हणायच्या. म्हणून बंदूक सासरे स्वतः काढायचे, पाटावर ठेवायचे, पूजा झाली की स्वतः कुलपात घालायचे. शेडमधल्या अवजारांना मात्र सासूबाईंनी आदल्या दिवशीच हळदकुंकू लावून ठेवायचं. ते काम त्यांच्याकडे कायमचं होतं. शेडमध्ये त्यांना मोकळेपणाने जाता येई ते वर्षातून तेवढ्या एका दुपारी. सासरे तेव्हा घरात झोपलेले असत.

त्या दुपारी मी घरून काम करत होते. कॉल संपवून मी मागच्या दारी आले. शेडचं दार उघडं होतं. सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. पुढ्यात समईच्या तेलाची बाटली, एक वाटी, स्वयंपाकघरातल्या टिश्यूचा रोल. मला वाटलं, वाती भिजवतायत. मी विचारलं, "आई, मदत करू?"

"नको गं. झालंच आहे," त्या म्हणाल्या. "पूजा करतेय." इतका निवांत आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाटावर बंदूक, पकड, हातोडी, तराजू, छर्र्यांचा डबा आणि ती चपटी डबी मांडली होती. प्रत्येकावर हळदकुंकवाची बोटं, आपट्याची पानं मिळत नाहीत म्हणून बागेतल्या झुडपाची पानं. सासऱ्यांनी नमस्कार केला. "यंदा नीट केलीस," ते सासूबाईंना म्हणाले. माझ्या देखत त्यांनी बायकोचं केलेलं हे एकमेव कौतुक.

त्यानंतर त्यांनी काडतुसं भरली. हात थरथरत होते, डोळ्याला भिंग लावलेलं. टोपी चिमटीत येईना, आली की निसटायची. निसटायची का, हे त्यांना ना बोटांनी कळलं ना डोळ्यांनी.

"बाबा, तुमचा हात खूप शेक होते," नवरा म्हणाला. "मी करू का? हे सगळा डेंजरस आहे."

"आधी मराठी नीट बोल, मग बंदुकीला हात लाव," सासरे म्हणाले.

जुन्या बंदुकांच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, मीही येते. त्या क्लबात पूर्वी कधी गेल्या नव्हत्या. पैठणी नेसल्या, वर माझ्या नवऱ्याचा जाड अनोरॅकचा कोट चढवला, आणि वड्यांचा मोठा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. "आज ह्यांचा मोठा दिवस आहे," मला म्हणाल्या.

ओलं, उघडं शेत. ट्वीडच्या टोप्या घातलेले म्हातारे, त्यांच्या जुन्या बंदुका, फ्लास्क, कुत्री. सासऱ्यांनी पितळी काडतुसं सगळ्यांच्या हातात फिरवली. वडिलांची गोष्ट सांगितली, डुकरांची सांगितली. माणसं खरोखर आदराने ऐकत होती. त्यांची पाळी आली तेव्हा सगळे जवळ आले. कुणीतरी फोन काढून शूटिंग सुरू केलं. सासऱ्यांनी दोन काडतुसं नळ्यांत घातली, बंदूक खांद्याला लावली, निशाण्याची चकती सोडायला "पुल" म्हणाले. मातीची चकती हवेत उडाली.

खट्.

"मिसफायर," क्लबचा माणूस म्हणाला. "होल्ड इट देअर, सर. कीप इट पॉइंटिंग अवे." टोपी कधीकधी उशिरा पेट घेते, म्हणून चाप ओढूनही बार झाला नाही तर बंदूक समोर रोखून तसंच थांबायचं असतं. ते थांबले. जड बंदूक, म्हातारे हात. नळ्यांची टोकं थरथरत होती, आणि तीस माणसं ती थरथर बघत होती. मिसफायर हा शब्द मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकत होते. पहिल्यांदा मी ऐकला तेव्हा समोर कोशिंबीर होती.

दुसरा चाप. खट्. पुन्हा थांबणं. मग दुसरी जोडी, मग तिसरी. कपाळावर घाम, तोही त्या थंडीत. एक काडतूस काढताना हातातून चिखलात पडलं आणि त्यांना ते वाकून उचलता येईना. क्लबातल्या सगळ्यात म्हाताऱ्याने ते उचललं, रुमालाने पुसलं आणि म्हणाला, "नेव्हर माइंड, ओल्ड चॅप. हॅव अ गो विथ माइन." सासऱ्यांनी मान हलवून नको म्हटलं. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या. इंग्रज माणूस फार हळू टाळ्या वाजवतो, तशा. त्यापेक्षा ती माणसं हसली असती तर बरं झालं असतं.

सासूबाईंनी डबा उघडला. वडे अजून कोमट होते. त्या प्रत्येकापुढे डबा धरून विचारत होत्या, "वन मोअर? प्लीज, वन मोअर." माणसं बोटं चाटत होती. तेव्हा मला सगळं कळलं. समईचं तेल, वाटी, टिश्यू. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातात एक वडा ठेवला. मी खाल्ला. चांगला झाला होता.

घरी आल्यावर सासरे कोटासकट शेडमध्ये गेले, आणि उरलेल्या टोप्यांची डबी घेऊन स्वयंपाकघरात आले. त्यांनी डबी नाकाला लावली. मग भिंग लावून बघितली. मग टेबलावर ठेवली.

"ह्याला तेलाचा वास येतोय."

सासूबाई कणीक भिजवत होत्या. "हो."

"कुणी लावलं?"

"मी. नवमीच्या आदल्या दिवशी. दुपारभर बुडवून ठेवल्या, मग एकेक पुसली."

"तुला मी सांगितलं होतं!" त्यांचा आवाज फाटला. "तेलाचा थेंब चालत नाही, सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर लावलं. मला कुठे माहीत होतं आधी?"

नवरा दारात उभा होता. "व्हॉट इज शी सेइंग?" त्याने मला विचारलं. मी त्याला गप्प राहायला सांगितलं.

सासरे खुर्चीत बसले. "माझ्या वडिलांची काडतुसं होती ती," ते म्हणाले. "एकदाच हवं होतं मला. एकदा."

"मलाही एकदाच हवं होतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कणकेचे हात धुतले नाहीत, तशाच त्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही धुक्यात गेलात. एका टोपीसाठी. एका परक्या बाईला नवऱ्याच्या उशापासून उठवून नेलंत. मी तुम्हाला नुसतं तिकीट काढा म्हटलं होतं."

त्यांनी डबीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. मला दया आली का? आली थोडी. पोळ्या होईपर्यंत टिकली.

डॉक्टरने जे लिहायचं ते लिहिलं आणि लायसन्स मिळालं नाही. एक माणूस येऊन बंदूक घेऊन गेला. कपाटाला आता कुलूप नाही, त्यात सासूबाई डाळी-तांदळाच्या बरण्या ठेवतात. सासरे बोलतात, पण कमी, आणि बोलण्याआधी एकदा सासूबाईंकडे बघतात. माझ्या आमटीबद्दल त्यांनी पुन्हा काही म्हटलेलं नाही.

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली तेव्हा आम्हाला वाटलं, आता कसली पूजा. पण सासूबाईंनी सकाळीच पाट मांडला, रांगोळी काढली. पाटावर काही नव्हतं, फक्त ती चपटी डबी, झाकण उघडं. त्यांनी समई लावली, मेलेल्या टोप्यांना हळदकुंकू वाहिलं, आणि वर बाटलीतलं तेल सोडलं, सावकाश, डबी काठोकाठ भरेपर्यंत. मग खुर्चीत बसलेल्या सासऱ्यांकडे वळून नेहमीच्या अदबीने म्हणाल्या, "अहो, या. नमस्कार करा."

ते उठले, थरथरते हात जोडले आणि नमस्कार केला.